बाळाची त्वचा : काय लावावे, काय टाळावे

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव होय. मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण तिचा विचार बहुधा सौंदर्याच्या अंगाने करतो. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र तो जीवरक्षणाच्या अंगाने करावा लागतो. शरीरातील पाणी व उष्णता आत राखणे, रोगजंतूंना बाहेर थोपविणे आणि परकी द्रव्ये रक्तात शिरू न देणे, ही तिन्ही कामे त्वचेला जन्मल्या क्षणापासून करावी लागतात, आणि नेमकी त्याच वेळी ती त्यांसाठी पुरती तयार नसते.

आपल्या मराठी घरांतून बाळाच्या आंघोळीचा सोहळा मोठा असतो. तेल, डाळीचे पीठ, साय, ऊन पाणी, धुरी, वेखंड, पावडर, काजळ आणि शेवटी तीट. यात आजीची माया असते, पिढ्यांचा अनुभव असतो, आणि अलीकडे जाहिरातींनी घरात आणलेल्या बाटल्यांचीही भर पडली आहे. यांपैकी काही गोष्टी खरोखर हितकर आहेत, काही निरुपद्रवी आहेत, तर काही प्रसंगी बाळाच्या जिवावर बेतू शकतात. जुने ते सारे टाकाऊ आणि नवे ते सारे शास्त्रीय, अशी सरळ विभागणी येथे करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावली आहे : त्वचेच्या संरक्षक कामात तिची मदत होते की अडथळा?

नवजात त्वचेचे वेगळेपण

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर. मृत पेशी आणि त्यांना सांधणारी स्निग्ध द्रव्ये यांची ती जणू एक भिंत असते. अर्भकाचा शृंगस्तर प्रौढांच्या तुलनेने सुमारे ३० टक्क्यांनी पातळ असतो. दुसरे असे की, निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो व ही आम्लता रोगजंतूंची वाढ रोखते. जन्मतः बाळाची त्वचा जवळजवळ उदासीन असते. आम्लता येण्यास पुढील काही आठवडे लागतात. साधा साबण अल्कधर्मी असल्याने तो ही प्रक्रिया वारंवार मागे लोटतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब ही की, वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या सुमारे अडीचपट असते. साहजिकच, त्वचेवर लावलेले द्रव्य थोडेसे जरी आत शोषले गेले, तरी लहानग्या शरीराच्या मानाने त्याची मात्रा मोठी ठरते.

ही भीती केवळ पुस्तकी नव्हे. १९७२ साली फ्रान्समध्ये मुलांसाठीच्या एका टाल्कम पावडरीत उत्पादनातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. पावडर पोटात गेली नव्हती, फक्त अंगाला लावली होती. तरीही २०४ मुले आजारी पडली व त्यांतील ३६ दगावली. त्वचेवरचे औषध किंवा प्रसाधन म्हणजे 'वरवरचे' काही, ही समजूत बाळाच्या बाबतीत किती घातक ठरू शकते, याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे सारे धोके कित्येक पटींनी वाढतात. गर्भारपणाच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास त्वचेचा संरक्षक थर बऱ्यापैकी तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या त्वचेतून पाणी व उष्णता सतत निसटत असते. अशा बाळाच्या त्वचेची निगा सर्वस्वी तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावी.

पहिले काही दिवस

जन्मतः बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरट थर असतो. तो मळ आहे असे समजून तो घासून काढण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. वस्तुतः सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेली प्रथिने व स्निग्ध द्रव्ये यांचा तो निसर्गाने दिलेला लेप आहे. तो त्वचेला ओलसर ठेवतो व जंतूंना रोखतो. रक्त व इतर स्राव मऊ कापडाने टिपून घ्यावेत. हा लेप मात्र आपोआप जिरू द्यावा. पहिले स्नान जन्मानंतर २४ तासांनी घालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लवकर घातलेल्या आंघोळीने बाळ गार पडते व स्तनपानही लांबते. आईच्या उघड्या छातीशी बाळाला लागलीच धरणे हे त्या वेळी कोणत्याही स्नानाहून अधिक मोलाचे.

नाळ कोरडी ठेवावी. तिच्यावर राख, हळद, तूप, तेल किंवा पावडर यांपैकी काहीही घालू नये. ती गळून पडेपर्यंत लंगोट तिच्या खाली दुमडून बांधावा.

या काळात त्वचेवर दिसणाऱ्या अनेक गोष्टी पाहून घरची मंडळी घाबरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारे लाल पुरळ, नाकावरील बारीक पांढरे दाणे, हातापायांची कातडी सुटणे, पाठीवर वा कुल्ल्यांवर दिसणारे निळसर डाग हे सर्व बहुतांशी निसर्गक्रमातले असते. त्यांवर कोणतेही औषध लावू नये. कपाळावरची व खांद्यांवरची लवही काही आठवड्यांत आपोआप झडते.

अभ्यंग : टिकवावी अशी परंपरा

बाळाला तेल लावण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत नवजात अर्भकाला बलातेलाने अभ्यंग करण्याचा निर्देश आहे. आधुनिक संशोधनानेही या प्रथेला काही अंशी दुजोरा दिला आहे. ढाक्यातील बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले असता रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अभ्यासात, खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजनवाढ खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा चांगली आढळली. पण कोणतेही तेल कसेही लावावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

येथे आपल्या इंदूरकरांना विशेष लक्ष द्यावे लागेल. आपल्या आज्या-पणज्या कोकणातून, देशावरून येताना खोबरेल वा तिळाचे तेल घेऊन आल्या. परंतु माळव्यात मालिश करणाऱ्या बाई पुष्कळदा मोहरीचे तेल पसंत करतात. 'त्याने ऊब येते' असे त्या सांगतात, आणि ते खरेही आहे. मात्र ही ऊब म्हणजे त्वचेचा दाह होय. मोहरीतील तिखट द्रव्य त्वचेला चेतवते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत या तेलाने त्वचेच्या भिंतीची डागडुजी लांबल्याचे दिसले आहे. म्हणून नवजात बाळाला मोहरीचे तेल लावू नये. ऑलिव्ह तेल महाग आहे, म्हणून ते उत्तम असा समजही खरा नाही. त्यातील ओलेइक आम्ल त्वचेतील स्निग्ध द्रव्यांची घडी विस्कटते. शुद्ध, सुगंधविरहित खोबरेल वा सूर्यफुलाचे तेल पुरेसे आहे. इसब असलेल्या बाळाला शेंगदाण्याचे किंवा बदामाचे तेल लावू नये, कारण भेगाळलेल्या त्वचेतून त्या पदार्थाची वावडे निर्माण होऊ शकते.

मालिशीचा हात हलका असावा. बाळ रडत असताना, दूध पिऊन लगेच किंवा तापात मालिश करू नये. पुढील तीन गोष्टी मात्र निक्षून टाळाव्यात :

१. नाकात व कानात तेलाचे थेंब सोडणे. नाकातले तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होतो व तो दीर्घकाळ रेंगाळतो.

२. नवजात बाळाची छाती पिळणे. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, काही बाळांची छाती फुगते व थोडे दूधही येते. ते आपोआप ओसरते. पिळल्याने तेथे गळू होते.

३. कापूर घातलेले तेल छातीला चोळणे किंवा कापराची पुडी उशाशी ठेवणे. कापराने लहान बाळाला झटके येऊ शकतात.

स्नान : पाणी, साबण आणि डाळीचे पीठ

पाणी कोमट असावे. ३७ ते ३८ अंश सेल्सिअस पुरे. कोपर बुडवून पाहिल्यावर ते ना गरम ना गार वाटले पाहिजे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे व त्यात गरम पाणी मिसळावे; हा साधा क्रम पाळल्यास भाजण्याचे अपघात टळतात. पायांवर आडवे घेऊन कढत पाण्याने 'शेकून' काढल्याने बाळ शांत झोपते, असे म्हणतात. ती झोप पुष्कळदा थकव्याची असते. स्नान पाच मिनिटांत उरकावे व बाळाला लगेच टिपून कोरडे करावे. कानामागचा भाग, मान, काखा व जांघा यांच्या घड्या विसरू नयेत. उन्हाळ्यात रोज आंघोळ घालण्यास हरकत नाही. हिवाळ्यात माळव्याची हवा कोरडी असते, तेव्हा एक दिवसाआड आंघोळ व मधल्या दिवशी अंग पुसणे पुरेसे आहे.

साबण जेमतेम लावावा, तोही सौम्य व सुगंधविरहित. सुमारे ५.५ सामू असलेली साबणविरहित प्रक्षालके अधिक चांगली. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने त्वचा कोरडी पडते आणि उपकारक जंतूही मरतात. घरी बोअरिंगचे जड पाणी असल्यास साबणाचा साका त्वचेवर राहतो, म्हणून साबण आणखी कमी वापरावा.

डाळीच्या पिठाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पीठ घासण्यामागे लव निघावी आणि रंग उजळावा, ही अपेक्षा असते. मुलगी असेल तर हात जरा अधिकच जोराने फिरतो. त्वचेचा वर्ण हा जन्मजात रंगद्रव्यावर अवलंबून असतो, तो घासून बदलत नाही. घासल्याने पातळ शृंगस्तर ओरबाडला जातो, सूक्ष्म जखमा होतात व त्यांतून जंतू शिरतात. बाळाला पीठ लावण्याचे कारण वर्ण असेल, तर ते आजच बंद करावे. सावळ्या मुलीच्या घरात पुढे वर्षानुवर्षे जे बोलले जाते, त्याची सुरुवात कधी कधी या न्हाणीघरातच होत असते.

धुरी, पावडर, काजळ

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाची वस्त्रे व अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे. मलमूत्राने वा घामाने दूषित झालेले कपडे टाकून द्यावेत, आणि दुसरे नसतील तर तेच उत्तम धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावेत, असे सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे धुरी कपड्यांना व अंथरुणाला दिलेली आहे. आज आपण शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून त्या धुरावर बाळालाच धरतो. त्याने बाळाच्या श्वासनलिकांना सूज येते, आणि निखाऱ्यांनी भाजण्याचा धोका असतो तो वेगळाच. बंद खोलीत शेगडी ठेवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूने माता व बालक दोघांचाही जीव धोक्यात येतो. ऊब हवी असल्यास टोपडे, मोजे आणि आईची कूस यांहून सुरक्षित साधन नाही.

पावडरीची बाळाला गरज नाही. तिचे कण श्वासातून आत जातात, आणि डबा तोंडावर उपडा झाल्यास प्राणावर बेतते. घड्यांमध्ये साचलेली पावडर घामाने भिजून त्वचेला घासते. हेच वेखंडाच्या भुकटीलाही लागू आहे.

बाजारातील काही काजळ-सुरम्यांत शिसे असते. घरी धरलेल्या काजळात ते नसले, तरी बोटाने जंतू डोळ्यांत जातात. काजळ डोळ्यांत घालू नये. तीट लावण्यामागची भावना समजण्यासारखी आहे. ती डोळ्यांपासून दूर, तळपायाला लावावी.

लंगोट, कपडे आणि दागिने

लंगोटाखालचा लालसरपणा हा ओलावा, घर्षण आणि मलातील पाचक रसांचा परिणाम असतो. लंगोट कापडी असो वा बाजारातील नॅपी, तो वेळेवर बदलणे हाच खरा उपाय. शी झाल्यावर लगेच, आणि एरवी दर तीन-चार तासांनी तो बदलावा. पाण्याने धुऊन टिपून घ्यावे. मुलींना पुढून मागे पुसावे. दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाविना मोकळे ठेवावे. झिंक ऑक्साइडचे साधे मलम जाडसर लावावे. लाली घड्यांच्या आतपर्यंत पसरली असेल व तिच्या कडेला सुटे लाल दाणे असतील, तर ते बुरशीचे लक्षण होय. तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कपडे सुती व सैल असावेत, नवे कपडे धुऊनच घालावेत, आणि धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत. करदोटा, गंडे, वाळे व मनगट्या यांच्याखाली घाम व मळ साचून त्वचा सोलवटते. किमान आंघोळीनंतर तेथील त्वचा रोज पाहावी. मे महिन्यात जाड कुंची व लोकरी टोपडे घालून घामोळे वाढवू नये. तेल लावून बाळाला उन्हात ठेवण्याची प्रथाही टाळावी. ड जीवनसत्त्वासाठी रोज ४०० एकक थेंबांच्या रूपात पहिल्या वर्षभर देणे हा खात्रीचा मार्ग आहे, आणि काविळीवर कोवळे ऊन हा उपचार नव्हे.

एक बाब फारशी कुणाला ठाऊक नसते. पेटीत जपून ठेवलेली दुपटी व झबली बारशाला बाहेर निघतात, आणि त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. या गोळ्यांतील नॅप्थलीन त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. ज्या बाळाच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते (हा दोष आपल्या देशात विरळा नाही व तो प्रामुख्याने मुलग्यांत प्रकट होतो), त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ व पांडुरोग होतो. कावीळ फार चढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीही ठेवू नयेत. मेंदीनेही अशा बाळांत हाच परिणाम होतो.

मलमांचा मोह

लालसरपणा दिसला की औषधाच्या दुकानातून एखादी 'सर्व गोष्टींवर चालणारी' ट्यूब आणली जाते. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. दोन दिवसांत लाली जाते, आणि म्हणून ती ट्यूब कित्येक आठवडे चालू राहते. लंगोटाखाली झाकलेल्या पातळ त्वचेतून स्टेरॉइड सहज रक्तात उतरते. बाळाचे गाल भरतात, वजन वाढते, आणि घरात सारे म्हणतात, 'किती गुटगुटीत झाला!' प्रत्यक्षात उंचीची वाढ मंदावलेली असते, रक्तदाब वाढलेला असतो व अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. अशा वेळी मलम एकाएकी थांबले किंवा साधा जंतुसंसर्ग झाला, तरी बाळ कोसळू शकते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना न विकण्याच्या अनुसूचीत घातली. तथापि नियमाची अंमलबजावणी ग्राहकाच्या जागरूकतेवरही अवलंबून असते. तीव्र स्टेरॉइडचे मलम बाळाच्या लंगोटाखाली लावू नये, एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

महागड्या क्रीमविषयीही दोन शब्द. रोज क्रीम चोपडल्याने पुढे इसब होत नाही, अशी आशा काही वर्षांपूर्वी होती. २०२० साली ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर झालेल्या अभ्यासात पहिले वर्षभर रोज क्रीम लावूनही इसबाला प्रतिबंध झाला नाही. उलट त्वचेचा संसर्ग थोडा अधिक आढळला. त्वचा कोरडी असेल किंवा इसब झालेले असेल, तर स्निग्ध लेप हा उपचाराचा पायाच आहे. निरोगी त्वचेला मात्र तो रोज लावण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी बाळाला दाखवावे :

• पूयुक्त पुटकुळ्या किंवा पाण्याचे फोड;
• नाळेभोवती लाली, सूज वा दुर्गंधी;
• पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ;
• दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके;
• तापासह लाल होऊन सोलून निघणारी त्वचा;
• त्वचेच्या कोणत्याही तक्रारीबरोबर बाळाने दूध सोडणे, मलूल होणे वा गार पडणे.

समारोप

वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ एवढाच की, बाळाची त्वचा स्वतःच स्वतःची घडण पुरी करीत असते. तिला स्वच्छता, कोरडेपणा, ऊब, थोडे चांगले तेल आणि मायेचा हलका हात हवा असतो. बाकीच्या बहुतेक वस्तू बाळासाठी नसून आपल्या समाधानासाठी असतात, आणि त्यांतील काहींची किंमत बाळाला मोजावी लागते.

माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना एक विनंती. प्रसूतीनंतर घरी पाठविताना आपण चिठ्ठीवर औषधे लिहितो. त्याबरोबर पाच मिनिटे त्वचेच्या निगेविषयी बोलावे, आणि ते केवळ आईशी नव्हे. न्हाऊ घालण्याचा निर्णय बहुधा आजीचा असतो व हात मालिश करणाऱ्या बाईंचा. त्या दोघींना आत बोलावून, त्यांच्या अनुभवाचा मान राखून, चांगले ते चांगले म्हणून आणि घातक ते कारणासह सांगितले, तर त्या ऐकतात. ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या बाळांना वाढविले, तेच हात याही बाळाच्या त्वचेचे सर्वांत चांगले रक्षण करू शकतील.